बँक खातं बदलताना हप्ते, पगार आणि परतावे कुठे अडकतात

मोबाईलची कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवता येतो. बँकेचं तसं नाही. ब्रिटनमध्ये २०१३पासून एक सोय आहे. नव्या बँकेला एकदा सांगायचं, सात कामकाजाच्या दिवसांत सगळे हप्ते आणि जमा रकमा नव्या खात्याकडे वळतात. जुन्या खात्यावर चुकून आलेले पैसेही पुढची तीन वर्षं नव्या खात्यात येत राहतात. आपल्याकडे असं काही नाही. दादरच्या शाखेत नवं खातं उघडून पासबुक हातात दिलं की त्या बँकेच्या दृष्टीने काम संपलं. तुमच्या जुन्या खात्यावर कोणाकोणाचे हप्ते लागलेत, पगार कुठून येतो, गॅसची सबसिडी कुठे जमा होते, हे तिला माहीत नसतं आणि ती विचारतही नाही. सगळं हलवायचं ते खातेदारानेच.

मुंबईत खातं बदलायची वेळ वारंवार येते. नोकरी बदलते आणि नव्या कंपनीचा पगार ठरावीक बँकेतच होतो. लालबागचं घर सोडून बदलापूरला राहायला गेलं की शाखा लांब पडते. कधी बँकच दुसऱ्या बँकेत जाते: २०१९मध्ये देना बँक बँक ऑफ बडोदात विलीन झाली, २०२०मध्ये आंध्र बँक आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत. आणि कधी एखाद्या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध येतात, तेव्हा तर रात्रीत दुसरं खातं शोधावं लागतं. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

कारण कोणतंही असो, क्रम एकच पाळायचा: जुनं खातं सगळ्यात शेवटी बंद करायचं. नवं खातं उघडल्यावर किमान दोन आणि जमलं तर तीन महिने दोन्ही खाती चालू ठेवायची. पुष्कळ लोक उलट करतात. नव्या खात्यात पगार सुरू झाला की जुन्यातले सगळे पैसे काढून घेतात, आणि पाच तारखेला घराच्या कर्जाचा हप्ता त्या रिकाम्या खात्यावर येऊन आपटतो.

हप्ता कोण कापतं?

बहुतेकांची समजूत असते की हप्ता आपली बँक भरते. प्रत्यक्षात कर्ज देणारी कंपनी तो तुमच्या खात्यातून ओढून घेते. हा फरक नीट कळला की पुढचे निम्मे प्रश्न सुटतात.

कर्ज घेताना किंवा एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक, सुरू करताना तुम्ही एक मँडेट देता, म्हणजे ‘माझ्या अमुक खात्यातून दर महिन्याला इतक्या रकमेपर्यंत पैसे घ्यायला माझी परवानगी आहे’ असा अधिकार. कंपनी तो आपल्या बँकेकडे देते. तिथून तो नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या यंत्रणेतून तुमच्या बँकेकडे येतो. ही संस्था मुंबईतलीच, वांद्रे-कुर्ला संकुलातली, आणि तिच्या या यंत्रणेला नॅच म्हणतात. तुमची बँक नाव, खाते क्रमांक आणि कागदी मँडेट असेल तर सही तपासते, आणि मंजुरी मिळाली की त्या मँडेटला स्वतंत्र नोंदणी क्रमांक मिळतो, त्याला यूएमआरएन म्हणतात. पुढे दर महिन्याला कंपनी सगळ्या ग्राहकांच्या हप्त्यांची एक फाइल बनवते, ती याच वाटेने जाते, आणि तुमची बँक पैसे देते किंवा कारण लिहून मागणी परत पाठवते. पूर्वी ईसीएस होतं, त्याची जागा नॅचने घेतली. १ ऑगस्ट २०२१पासून ते रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीही चालतं, त्यामुळे ‘आज रविवार आहे, हप्ता उद्या जाईल’ हा हिशेब आता चुकतो.

या साखळीत नव्या बँकेचं नावच नाही. म्हणून ‘नव्या बँकेत सांगितलंय, हप्ते वळवतील’ असं गृहीत धरून बसलं की घात होतो. मँडेट बदलायचं ते हप्ता घेणाऱ्याकडे जाऊन. बँका आणि फायनान्स कंपन्या याला स्वॅप म्हणतात. कस्टमर केअरला ‘रिपेमेंट स्वॅप करायचंय’ असं सांगितलं की समोरच्याला लगेच कळतं. नव्या खात्याचा नाव छापलेला कॅन्सल चेक लागतो आणि नवं मँडेट द्यावं लागतं. नेट बँकिंग, डेबिट कार्ड किंवा आधारवरून ऑनलाइन दिलं तर लवकर होतं. कागदावर सही करून दिलं तर दोन-तीन आठवडे धरून चाला. काही कंपन्या स्वॅपचं शुल्कही घेतात. कर्जासाठी जुन्या बँकेचे सही केलेले चेक तारण म्हणून दिले असतील, तर ते परत मागून घ्यायला विसरू नका.

स्टँडिंग इन्स्ट्रक्शनचं मात्र वेगळं आहे. सोसायटीचा मेंटेनन्स किंवा गावी आईला दर महिन्याला जाणारे पैसे, हे तुमची बँक तुमच्या सांगण्यावरून पाठवते. खातं रिकामं झालं की ते गुपचूप थांबतं. समोरून फोन येत नाही. सोसायटीचा सेक्रेटरी तीन महिन्यांनी थकबाकीवर व्याज लावलेलं बिल देतो, तेव्हा कळतं.

यूपीआय ऑटोपे आणि कार्डावरची वर्गणी यांचे तिसरे-चौथे कप्पे. ऑटोपेची यादी तुमच्या यूपीआय अ‍ॅपमध्ये सापडते, कार्डावरची कार्ड देणाऱ्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये. या दोन्हींत पैसे कापायच्या २४ तास आधी सूचना यावी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, त्यामुळे इथे अचानक फटका क्वचित बसतो. आणि फटका बसला तरी एखादी मालिका दोन दिवस दिसणार नाही, एवढंच. मेडिक्लेमचा हप्ता मात्र यात असेल तर तो सगळ्यात आधी हलवा. पॉलिसी खंडित झाली आणि नव्याने घ्यावी लागली, तर जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षा काळ पुन्हा पहिल्यापासून मोजला जातो. आयुर्विमा महामंडळाच्या पॉलिसीला मासिक हप्ता असेल तर १५ दिवसांची आणि तिमाही, सहामाही किंवा वार्षिक असेल तर ३० दिवसांची सवलत मिळते. ती आधार म्हणून ठेवा, बेत म्हणून नको.

आपल्या खात्यावर नेमकं काय काय लागलंय हे पाठ असणारा माणूस मी पाहिलेला नाही. त्यासाठी जुन्या खात्याचं पूर्ण वर्षभराचं स्टेटमेंट काढा. तीन महिन्यांचं पुरत नाही, कारण गाडीचा विमा, लॉकरचं भाडं, पॉलिसीचा वार्षिक हप्ता हे वर्षातून एकदाच दिसतात. स्टेटमेंटमध्ये एसीएच (म्हणजे नॅच), ईसीएस, एसआय (स्टँडिंग इन्स्ट्रक्शन), मँडेट अशी अक्षरं जिथे जिथे दिसतील तिथे पेन्सिलने खूण करा. जमा बाजूलाही तेच करा: व्याज, डिव्हिडंड, सबसिडी, परतावा.

दोनदा कापला जाणारा महिना

बदलाच्या महिन्यात एक हमखास प्रसंग येतो. समजा, ठाण्याला राहणारी आणि लोअर परळला नोकरी करणारी एक मुलगी आहे. तिने २८ तारखेला कर्ज कंपनीकडे नवं मँडेट दिलं, दोन दिवसांनी ‘नोंदणी यशस्वी’ असा मेसेज आला. पाच तारखेचा हप्ता आता नव्या खात्यातून जाणार, असं तिने धरलं. पण कंपन्या हप्त्यांची फाइल काही दिवस आधीच तयार करतात. त्या फाइलमध्ये अजून जुनंच खातं होतं. जुन्यात पैसे नाहीत, हप्ता परत. किंवा याच्या उलट: जुन्यातही पैसे आहेत, नव्यातही आहेत, आणि दोन्हीकडून हप्ता गेला.

दुसरी अडचण पहिलीपेक्षा बरी. दोनदा गेलेला हप्ता परत मिळतो, बाउन्स झालेल्या हप्त्याचा डाग पुसायला वेळ लागतो. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की त्या एका महिन्यासाठी दोन्ही खात्यांत हप्त्याइतके पैसे आदल्या संध्याकाळपासून ठेवावेत, त्यासाठी नातेवाईकाकडून चार दिवसांची उसनवारी करावी लागली तरी चालेल. दोनदा कापला गेलाच, तर कर्ज कंपनीला ईमेल करा आणि रक्कम खात्यात परत हवी आहे असं लिहा. काही लिहिलं नाही तर बहुधा ती पुढच्या हप्त्यात वळती करतात, आणि महिनाअखेरीला हातात पैसे नसले की तेच अडचणीचं होतं.

मँडेट तुम्ही बँकेकडे लेखी रद्द केलं आणि तरीही पैसे कापले गेले, तर जबाबदारी तुमच्या बँकेची. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकानुसार बँकेने ते दुसऱ्या दिवसापर्यंत परत जमा करायचे, उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची, आणि ती ग्राहकाने न मागताच. पण चालू कर्जाचं मँडेट नवं लागण्याआधी असं तोडू नका. कर्जाच्या करारात तुम्ही हप्ता देण्याची सोय कायम ठेवायचं कबूल केलेलं असतं.

हप्ता बाउन्स झालाच तर

आधी कारण पाहा. परत आलेल्या प्रत्येक हप्त्याला शेरा असतो, आणि तो शेराच पुढे कोणाकडे जायचं ते सांगतो. ‘अपुरी शिल्लक’ असेल तर फाइल जुन्या खात्यावरच गेली होती, म्हणजे स्वॅप अजून पूर्ण झालेलं नाही, कर्ज कंपनीशी बोला. ‘खातं बंद’ असेल तर खातं घाईने बंद केलंत. नवं मँडेटच नामंजूर झालं असेल तर बहुतेक वेळा नाव किंवा सही जुळलेली नसते.

नावाचा हा घोळ आपल्याकडे विशेष होतो. पासबुकावर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे, पॅनवर फक्त आद्याक्षर, आधारवर माहेरचं आडनाव, कर्जाच्या कागदावर सासरचं. माणसाला ती एकच बाई दिसते, यंत्रणेला तीन वेगळ्या. नवं खातं उघडतानाच नाव पॅनप्रमाणे लिहून घेतलं तर पुढचा खूप त्रास वाचतो, कारण प्राप्तिकराच्या परताव्यापासून शेअरपर्यंत सगळीकडे पॅनवरचंच नाव तपासतात. सहीचंही तसंच. पंधरा वर्षांपूर्वी मराठीत केलेली सही बँकेच्या नोंदीत आणि आता मँडेटवर इंग्रजीत, असं झालं की कागद परत येतो.

शेरा कळला की दुसरं काम त्याच दिवशी करा. हप्त्याची रक्कम कर्ज कंपनीच्या अ‍ॅपवरून किंवा शाखेतून थेट भरून टाका, पावती घ्या. कंपनी काही दिवसांनी मँडेट पुन्हा लावून बघण्याची शक्यता असते, म्हणून पैसे भरल्याचं ईमेलने कळवा, नाहीतर पुन्हा दोनदा जातील. बाउन्सचा दंड दोन्हीकडून बसतो, बँकेकडून वेगळा आणि कंपनीकडून वेगळा, प्रत्येकी काहीशे रुपये. पहिलीच वेळ असेल आणि स्वॅपची विनंती वेळेत केल्याचा पुरावा असेल, तर दंड माफ करायला लेखी सांगा. पुष्कळदा करतात.

घाई दंडासाठी नाही, सिबिलसाठी, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीसाठी करायची. थकलेल्या हप्त्याची माहिती कर्जदाते पूर्वी महिन्याला पाठवत, जानेवारी २०२५पासून ती किमान पंधरवड्याला जाते. पाच तारखेला परत गेलेला हप्ता सात तारखेला भरला आणि वीस तारखेला भरला, यांत म्हणूनच मोठा फरक पडतो.

कायद्याची बाजूही माहीत असावी. चेक न वटल्यास निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८ सगळ्यांनी ऐकलेलं असतं. शिल्लक नसल्याने ऑटो डेबिट परत गेलं तर तसंच कलम पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ मध्ये आहे, कलम २५. शिक्षा दोन वर्षांपर्यंतची कैद, किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण एका हप्त्याने कोणी तुरुंगात जात नाही. आधी नोटीस यावी लागते, आणि नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरले तर गुन्हा होत नाही. वसुलीचा एजंट फोनवर हे कलम सांगून घाबरवू लागला, तर त्याला नोटीस लेखी पाठवायला सांगा, आणि ती आली तर १५ दिवस वाया घालवू नका.

येणारे पैसे

जाणाऱ्या पैशांपेक्षा येणारे पैसे जास्त गुंतागुंतीचे, कारण त्यांच्या नोंदी वेगवेगळ्या ठिकाणी असतात आणि बरेचसे वर्षातून एकदाच येतात.

पगार बंद खात्यावर पाठवला गेला तर तो हरवत नाही. जमा होऊ न शकलेला एनईएफटी पाठवणाऱ्याकडे परत जातो, नियमाप्रमाणे संबंधित बॅच पूर्ण झाल्यापासून दोन तासांत. म्हणजे पैसे तुमच्या बँकेत नाहीत, कंपनीच्या खात्यात आहेत. बँकेच्या काउंटरवर भांडण्यापेक्षा एचआरला फोन करा आणि यूटीआर नंबर मागा. प्रत्येक बँक हस्तांतराला हा क्रमांक असतो आणि तो मिळाला की पैसे कुठपर्यंत पोचले ते शोधता येतं. तो हाती नसताना ‘पैसे आले नाहीत हो’ एवढंच सांगत राहिलात तर कोणालाही काही शोधता येत नाही.

जास्त धोका चुकीच्या खाते क्रमांकाचा. एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये पैसे वर्षानुवर्षं फक्त क्रमांक पाहून जमा होत आले. नाव जुळतं का, हे पाहिलं जात नव्हतं. एक आकडा चुकला आणि तो दुसऱ्या कोणाच्या चालू खात्याचा निघाला, तर पैसे त्या माणसाकडे. आता १ एप्रिल २०२५पासून बँकांना पाठवण्याआधी नाव दाखवण्याची सोय द्यावी लागते. नवा खाते क्रमांक कोणालाही देताना त्यांना ते नाव पाहायला सांगा, आणि आधी एक रुपया पाठवून बघायला लावा. आयएफएससी कोड अकरा अक्षरांचा असतो आणि पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं, इंग्रजी ओ नाही. हाताने लिहून दिलेल्या कोडात ही चूक सारखी होते.

सरकारी योजनांचे पैसे वेगळ्या नियमाने येतात. गॅसची सबसिडी किंवा लाडकी बहीण योजनेचे १५०० रुपये आधारवरून जमा होतात, म्हणजे फॉर्मवर कोणताही खाते क्रमांक लिहिला असला तरी आधार ज्या खात्याशी सगळ्यात शेवटी जोडलं गेलं, तिथे. नवं खातं उघडताना फॉर्मवर एक संमतीची चौकट असते. ती नकळत टिक झाली की पैसे गुपचूप नव्या खात्यात जाऊ लागतात, आणि घरातली बाई जुन्या पासबुकावर एन्ट्री मारून ‘या महिन्यात आलेच नाहीत’ म्हणून रांगेत उभी राहते. आधार कुठे जोडलेलं आहे ते माय आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये दिसतं. केवायसीसाठी आधार दिलेलं असणं आणि लाभासाठी जोडलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बँकेत विचारताना दुसरीबद्दल विचारा.

प्राप्तिकराचा परतावा पोर्टलवर आधी पडताळलेल्या खात्यातच येतो. ते खातं बंद झालं असेल तर परतावा अडकतो. मग नवं खातं जोडून, पडताळून, परतावा पुन्हा देण्याची विनंती करावी लागते. पीएफचे पैसे यूएएनला, म्हणजे तुमच्या पीएफच्या कायम क्रमांकाला, जोडलेल्या खात्यात येतात. शेअरचा डिव्हिडंड डीमॅटमध्ये नोंदवलेल्या खात्यात. म्युच्युअल फंडात दोन वेगळी कामं आहेत: एसआयपी कापण्याचं खातं बदलणं हे एक, आणि विक्रीचे पैसे जमा होण्याचं खातं बदलणं हे दुसरं. लोक पहिलं करतात आणि दुसरं विसरतात. जुन्या बँकेतल्या एफडीचं व्याजही पाहा, ते बंद करायच्या खात्यातच पडत असतं.

दुकानदारांसाठी एक वेगळी सूचना. दुकानात किंवा हातगाडीवर लावलेला क्यूआर पेमेंट कंपनीचा असेल, तर बहुधा कोड तोच राहतो आणि पैसे जमा होणारं खातं त्यांच्या व्यापारी अ‍ॅपमधून बदलता येतं. जुन्या बँकेने दिलेला क्यूआर मात्र त्या बँकेच्या खात्याशी बांधलेला असतो, तो उतरवून नवा लावावा लागतो. नवा लावला की समोर उभं राहून दहा रुपये पाठवा आणि ते कुठे पडतात ते पाहा.

नव्या खात्याच्या अदृश्य मर्यादा

मोबाईलवर पाच मिनिटांत उघडलेलं खातं पूर्ण खातं असेलच असं नाही. फक्त ओटीपीवर आधार पडताळून उघडलेल्या खात्यात शिल्लक १ लाख रुपयांवर जाऊ शकत नाही, आर्थिक वर्षात २ लाखांपेक्षा जास्त जमा होऊ शकत नाहीत, आणि वर्षभरात पूर्ण केवायसी केलं नाही तर व्यवहार बंद होतात. महिना पन्नास हजार पगार असेल तर पाचव्या महिन्यात पगार अडकेल. शाखेत जाऊन किंवा व्हिडिओ केवायसी करून ही मर्यादा काढून टाका, आणि ते झाल्यावरच पगाराचं खातं बदलायला सांगा.

यूपीआय नव्या खात्याला किंवा नव्या फोनवर जोडलं की पहिले २४ तास मर्यादा कमी असते. नेट बँकिंगमध्ये नवीन नाव जोडल्यावरही काही तास मोठी रक्कम जात नाही. घराचं डिपॉझिट द्यायच्या दिवशी खातं बदलू नका.

सहकारी बँकेवर निर्बंध आले तर

मुंबईकरांनी हे दोनदा जवळून पाहिलं. २३ सप्टेंबर २०१९ला पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, सुरुवातीला खात्यातून फक्त १००० रुपये काढता येत होते. फेब्रुवारी २०२५मध्ये न्यू इंडिया सहकारी बँकेत पैसे काढणंच थांबलं, दोन आठवड्यांनी २५,००० रुपयांपर्यंत परवानगी मिळाली. पुढे पहिली बँक २०२२मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत आणि दुसरी ऑगस्ट २०२५मध्ये सारस्वत बँकेत विलीन झाली. मधल्या काळात त्या खात्यांवर लागलेले हप्ते मात्र थांबले नव्हते.

अशा वेळी दोन खाती समांतर चालवण्याचा सल्ला कामाला येत नाही, जुन्यातले पैसे हलतच नाहीत. पहिल्याच दिवशी सगळ्या कर्जदात्यांना ईमेल करा की अमुक बँकेवर निर्बंध आहेत, हप्ता मी दुसऱ्या मार्गाने भरत आहे. मग हप्ता कंपनीच्या अ‍ॅपवरून, यूपीआयने किंवा नातेवाईकाच्या खात्यातूनही भरता येतो, कर्ज क्रमांक बरोबर टाकला म्हणजे झालं. एचआरला त्याच दिवशी कळवा, कारण पुढचा पगार तिथे पडला तर तोही अडकेल. ठेव विम्यात एका बँकेतली सगळी खाती मिळून ५ लाख रुपयांपर्यंतची रक्कम सुरक्षित असते आणि निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत ती मिळण्याची तरतूद २०२१च्या दुरुस्तीने झाली आहे. त्यासाठी बँकेने मागितलेला अर्ज आणि दुसऱ्या बँकेतल्या खात्याचा तपशील मुदतीत द्यावा लागतो. म्हणूनच घरात प्रत्येक कमावत्या माणसाची दोन वेगळ्या बँकांत खाती असावीत, आणि दुसऱ्या खात्यातही एका हप्त्याइतके पैसे असावेत, असं मला फार वाटतं.

बंद करणं आणि तक्रार

जुनं खातं बंद करण्याआधी शेवटचा चेक कधी दिला होता ते आठवा. चेक तारखेपासून तीन महिने चालतो, तोपर्यंत तो कोणीही भरू शकतो. खातं बंद असल्यामुळे परत गेलेला चेकही कलम १३८मध्ये येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९९मध्येच सांगितलं आहे. तीन महिने गेले, दोन हप्ते नव्या खात्यातून सुरळीत गेले, की अर्ज द्या, उरलेले चेक आणि कार्ड परत करा, आणि खातं बंद झाल्याचं पत्र मागून घ्या. खात्यात शून्य शिल्लक ठेवून ते तसंच सोडणं म्हणजे बंद करणं नाही. पगार येणं थांबलं की पगाराचं खातं काही महिन्यांत साध्या बचत खात्यात बदलतं आणि किमान शिलकीची अट लागू होऊ शकते. दोन वर्षं व्यवहार नसेल तर खातं निष्क्रिय होतं, दहा वर्षांनी त्यातले पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर ते शोधता येतात, पण ती वेळ कशाला आणायची.

बँक ऐकत नसेल तर आधी तिच्याकडेच लेखी तक्रार करून तक्रार क्रमांक घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर तक्रार करता येते. शुल्क नाही, वकील लागत नाही. माहिती हवी असेल तर १४४४८ हा क्रमांक आहे. तक्रारीत तारीख, रक्कम, यूटीआर किंवा मँडेटचा क्रमांक आणि परत गेलेल्या हप्त्याचा शेरा लिहा, आणि जुन्या खात्याचं स्टेटमेंट जोडा. खातं बंद झालं की नेट बँकिंगही बंद होतं, त्यामुळे गेल्या काही वर्षांची स्टेटमेंटं आणि व्याजाचे दाखले बंद करण्याच्या अर्जावर सही करण्याआधीच उतरवून ठेवा.